गेथशेमानेतलं पहिलं वाक्य

सोलापुरात संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते आणि होम मैदानावरचे पाळणे अजून फिरत असतानाच आमच्याकडे ऐक्याचा प्रार्थना सप्ताह येतो. १८ ते २५ जानेवारी. १९०८ साली सुरू झालेली ही प्रथा. एरवी एकमेकांच्या चर्चची पायरी न चढणाऱ्या मंडळ्या त्या आठवड्यात संध्याकाळी एकत्र बसतात, एकमेकांची गाणी गातात, चहा पितात आणि पुन्हा वर्षभरासाठी आपापल्या वाटेला लागतात. मी जाते ते मुख्यतः गायनमंडळासाठी. त्या वर्षी बाहेरगावचे एक कॅथलिक फादर बोलायला आले होते आणि विषय होता 'इच्छा'. शेजारी बसलेल्या महिला मंडळाच्या बाई माझ्या कानाशी लागल्या, "घ्या, आता वासनांवर तासभर."

तसं काही झालं नाही. फादर म्हणाले, क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनं प्रार्थनेत दोन गोष्टी म्हटल्या. शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो, हे पहिलं. माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे दुसरं. तुम्ही सगळे दुसऱ्या वाक्यापासूनच सुरुवात करता. पहिलं वाक्य तुमच्यापैकी कुणी कधी म्हटलंय का?

मी तरी म्हटलं नव्हतं. आमच्या घरात 'मला हवंय' हे शब्द लहानपणी चिंचेच्या गोळीपुरते चालायचे, पुढे तेही बंद झाले. संडेस्कूलमध्ये बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय पाठ करून घेतलेला: वासना गर्भवती होते, पापाला जन्म देते, पाप वाढून मरण आणतं. हे वचन खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात त्यातून एवढंच उरलं की काही हवंसं वाटलं म्हणजे मरणाच्या रस्त्याला लागलो. मग आपण हवंसं वाटणं सोडत नाही, फक्त सांगणं सोडतो. 'प्रभूची इच्छा असेल तर' हे मी इतक्या वेळा म्हटलं आहे की त्यातला प्रभू कुठला आणि माझी भीड कुठली हे मलाच सांगता आलं नसतं.

फादरांनी मग जेजुइट संघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलाची गोष्ट सांगितली. नाव ऐकून होते, शाळा-कॉलेजांवर दिसतं. माणूस कसा होता ते माहीत नव्हतं. स्पेनमधला सरदार घराण्यातला गडी. १५२१ साली पॅम्पलोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पाय मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं, गुडघ्याखाली टोक वर आलं. तंग बूट घातल्यावर ते वाईट दिसेल म्हणून यानं ते हाड पुन्हा कापून घेतलं, आणि तेही भूल देण्याची सोय नसलेल्या काळात. बूट शोभावा म्हणून! मला तिथंच तो माणूस आवडला. पुढे अंथरुणावर पडल्या पडल्या शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात निघाली ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. दिवसभर तो दोन तऱ्हेची स्वप्नं बघायचा. एका थोर घराण्यातल्या बाईसाठी काय काय पराक्रम करू, हे एक. संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी केलं ते आपण का करू नये, अनवाणी यरुशलेमला का जाऊ नये, हे दुसरं. दोन्हींत सारखाच रमायचा. फरक पडायचा तो नंतर. पहिलं स्वप्न ओसरलं की मन कोरडं व्हायचं. दुसरं ओसरल्यावरही समाधान टिकून राहायचं. हा फरक त्याच्या ध्यानात आला आणि तिथून पुढं त्याची सगळी साधना उभी राहिली.

साधना म्हणजे रात्री पंधरा मिनिटांचं काम. आधी दिवसाबद्दल उपकारस्तुती. मग पवित्र आत्म्याकडे उजेड मागायचा. मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढून न्यायचा. जिथं वाकडं पाऊल पडलं तिथं क्षमा मागायची आणि उद्यासाठी कृपा. यातल्या मधल्या पायरीवर फादरांनी आम्हाला एकच प्रश्न दिला: आज मला काय हवं होतं, आणि ते हवंसं वाटून गेल्यावर मागं काय उरलं?

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघते. सुताची आवक, माल किती डझन निघाला, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, जीएसटी. लिहून ठेवल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. म्हणून हा प्रश्नही लिहूनच सोडवायचं ठरवलं. सुताच्या एजंटानं दिलेली डायरी कोरी पडली होती, तीच घेतली.

पहिले काही दिवस मी देवाला दाखवण्यापुरतं लिहिलं. 'मंडळीत ऐक्य हवं.' 'मुलीची परीक्षा चांगली जावी.' वाचताना मलाच कंटाळा आला, देवाचं काय झालं असेल. मग एका रात्री दमून आले होते. नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे ते काही दिवसांआड येतं आणि आलं की घरातलं सगळं सोडून भरावं लागतं. पिंप, बादल्या, पातेली, वरची टाकी. त्या दमणुकीत सोंग करायला अंगात जोर नव्हता, म्हणून जे होतं ते उतरलं:

'मालकांनी बाहेरच्या पार्टीसमोर माझं नाव घ्यावं. घेतलं नाही. दुपारचा डबा नुसता गिळला.'

'आपल्या गल्लीत पाणी सगळ्यांच्या आधी सुटावं.'

'पलीकडच्या बाईंच्या मुलाचा व्हिसा नाकारला जावा.'

तिसरी ओळ लिहून पेन खाली ठेवलं. त्याच बाईंबरोबर, त्याच मुलासाठी, त्याच सकाळी मी मोठ्यानं प्रार्थना केली होती, आमेनसकट. सोलापुरी चादर उलटून पाहिली तर नक्षी तीच असते, रंग तेवढे अदलाबदल झालेले. माझी सकाळची प्रार्थना आणि रात्रीची डायरी अशाच एकमेकींच्या पाठी निघाल्या.

आमच्या पाळकसाहेबांना हे सांगितलं. थोडी धास्ती होती, कारण आमची मंडळी अमेरिकन मिशनच्या वळणाची, म्हणजे प्रॉटेस्टंट, आणि ही रीत कॅथलिकांची. ते हसले. म्हणाले, "आपला सुधारक कॅल्विन काय म्हणून गेलाय माहीत आहे का बाई? माणसाचं मन हा मूर्ती घडवण्याचा कायमचा कारखाना आहे. तुम्ही कारखान्यातच आहात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं. तीन पाळ्या चालतो तो." मग जरा गंभीर होऊन म्हणाले की इच्छा ओळखणं वेगळं आणि तिच्यामागं जाणं वेगळं. मनाला बरं वाटलं म्हणून ते देवाचं, असं होत नाही. बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाशी लावून बघा. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता यांच्याकडे ती इच्छा नेते का कलहाकडे, मत्सराकडे, तटांकडे? मला हे पटलं. फादरांचं 'मागं काय उरलं' आणि पाळकसाहेबांचं 'फळ काय लागलं' यांत मला मोठी दरी दिसली नाही. ज्यांना दिसते त्यांनी जानेवारीत चहा प्यायला यावं.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला. आमच्याकडे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी प्रभूनं क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. कुणाला कुठला उद्गार मिळणार यावरून मंडळीत जे चालतं ते बाहेरच्याला खरं वाटणार नाही. चौथा उद्गार, 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', हा मानाचा. तो निवृत्त मुख्याध्यापक किंवा बाहेरून बोलावलेले वक्ते घेतात. मी बरीच वर्षं उद्गार देत आले होते. कधी पहिला, कधी तिसरा. डायरीत लिहिलं: 'चौथा मला मिळावा.' खाली: 'सगळे शांत होतील, माझा आवाज भरून येईल, पुढच्या बाकावर रुमाल निघतील.' लिहून झाल्यावर हसू आलं. प्रभू क्रुसावर टाकलेला आणि मी पुढच्या बाकावरचे रुमाल मोजते आहे. तरीही गेथशेमानेच्या हिशेबानं पहिलं वाक्य सांगून टाकलं: प्रभू, मला चौथा हवाय. त्यानंतर ती इच्छा गेली असं नाही. पण अंगात चढलेली होती ती खाली उतरून शेजारी बसली, एवढं खरं.

मला पाचवा मिळाला. 'मला तहान लागली आहे.' सातांतला सगळ्यांत आखूड. उद्गारवाले याला जरा अवघडच मानतात, कारण त्यावर फार बोलता येत नाही. बहुतेक जण झटकन आत्म्यांच्या तहानेवर उडी मारतात. त्या वर्षी मला उडी मारावीशी वाटली नाही. आमच्याकडे उत्तम शुक्रवार म्हणजे पंखे गरम हवाच खाली ढकलत असतात. दुपारी दोनला चर्चमध्ये बसलेल्या माणसाला तहान समजावून सांगावी लागत नाही. मी म्हटलं, आपला प्रभू मरताना पाणी मागतो. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासमोर मागतो. 'पित्याची इच्छा' म्हणून गप्प बसत नाही. लूकाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळीही तो शिष्यांना सांगतो की हे भोजन तुमच्याबरोबर करावं अशी मला फार उत्कट इच्छा होती. त्याला हवंसं वाटायचं, आणि तो ते बोलायचा. एवढं बोलून मी खाली बसले. दिलेल्या वेळेतला बराच वेळ शिल्लक राहिला, ते पाळकसाहेबांना फार आवडलं.

खरी परीक्षा मे महिन्यात आली.

वडील जाऊन काही वर्षं झाली होती. मृत्युपत्र नव्हतं. मागं आई, मी आणि धाकटा भाऊ. राहतं घर जुन्या वस्तीतलं, दोन खोल्या आणि पुढं ओटा. भावाला वर मजला चढवायचा होता. बँकेनं कर्जासाठी कागद स्वच्छ मागितले, म्हणून तो हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आला. "अक्का, सही लागतीय फक्त. तू कशाला टेन्शन घ्यायलीस, घर तुझंच आहे की." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. बहिणीनं सही करायची असते हे त्याला श्वास घेण्याइतकं सहज वाटत होतं. मलाही तेव्हा वाटत होतं.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं म्हणून सांगते. ख्रिस्ती कुटुंबाला हिंदू वारसा कायदा लागू होत नाही, भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींत सारखे. मुलगा-मुलगी हा भेद त्यात नाही. आमच्या घरात दोनच मुलं, म्हणजे आई, भाऊ आणि मी, तिघांना बरोबर सारखा वाटा. कागदावर हे आमच्या आज्यांच्या काळापासून आहे. प्रत्यक्षात माहेर तुटू नये म्हणून सही करणाऱ्या बायका मी कितीतरी पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या कितीजणींना ती सही करावीशी वाटली होती हे कुणी विचारलेलं पाहिलं नाही.

त्या रात्री डायरीत लिहिलं, 'भावाचं मन मोठं व्हावं.' बघितलं, खोडलं. 'आईला त्रास होऊ नये.' तेही खोडलं. मग लिहिलं: 'मला माझा हिस्सा हवाय. पैसे हवेत.' मुलगी तेव्हा मिरजेला नर्सिंग करत होती, फी आणि होस्टेल मिळून आमची ओढाताण चालली होती. हे पैसे हवेत ते फीसाठीच हवेत, त्यात दुसरं काही आत्मिक शोधायची गरज नाही, असं मी ठामपणे लिहिलं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे. पण तू हे सांगणार कुणाला?"

सांगायचं राहिलंच. भीतीनं मी पुन्हा थोर होऊ लागले. सही करून टाकू, प्रभूसाठी सोडू, मंडळीत साक्ष देऊ. खोटं बोलत नाही, साक्षीची पहिली दोन वाक्यंसुद्धा मनात तयार होती. ज्यांच्या कानावर गेलं त्यांनी सल्लेही दिले. एका वडीलधाऱ्यांनी लूकाचा बारावा अध्याय काढला: एक जण प्रभूला म्हणतो, माझ्या भावाला मला वतनाचा वाटा द्यायला सांगा, आणि प्रभू म्हणतो मला तुमच्यावर न्यायाधीश कुणी नेमलं, लोभापासून सांभाळा. बघा, प्रभू काय म्हणतो! मी घरी येऊन तोच भाग नीट वाचला. प्रभू वाटणी करून द्यायला नकार देतो. वाटणी करू नका असं तो कुठं म्हणतो? आणि बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढं उभ्या राहून बापाचं वतन मागतात, तेव्हा देव सांगतो की त्यांचं म्हणणं रास्त आहे. हा अध्याय मला कुणी काढून दाखवला नाही. क्षमेचा आणि त्यागाचा उपदेश आमच्याकडे नेहमी मागणाऱ्याच्या दारात जातो, ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या दारात क्वचित. हे माझं मत आहे, कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

आता इथं फादरांचा दुसरा धडा कामी आला. इग्नेशियसनं एक मनन दिलं आहे: माणसांच्या तीन जोड्या, प्रत्येकीला दहा हजार डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, मिळालेले. तिघींनाही त्या पैशाची ओढ आणि देवाची शांतीही हवी. पहिली जोडी म्हणते, ओढ सोडायला पाहिजे, आणि मरेपर्यंत काहीच करत नाही. दुसरी म्हणते, ओढ सुटावी पण पैसे राहावेत. देवानंच आपल्याकडे यावं. तिसरीला ओढ सोडायची आहे, पण पैसे ठेवायचे की द्यायचे हे ती आधीच ठरवत नाही; देवाची सेवा ज्यात अधिक त्यासाठी दोन्ही हात मोकळे ठेवते. जानेवारीत मला वाटलं होतं की तिसरी जोडी म्हणजे पैसे देऊन टाकणारी. तसं नाही. देऊन टाकणं हीसुद्धा एक ओढ असू शकते. मला साक्ष द्यायची ओढ होतीच की.

म्हणून काही दिवस दोन्ही करून पाहिलं, मनातल्या मनात. एक दिवस सही केली असं धरून चालायचं, दुसऱ्या दिवशी हिस्सा मागितला असं धरून. सही केल्याच्या दिवशी सकाळी फार मोठं वाटायचं. चालताना पाठ ताठ. संध्याकाळपर्यंत आंबट व्हायचं. भावजयीच्या नव्या पडद्यांचा विचार यायचा आणि पोळी लाटताना लाटणं जरा जास्तच जोरात फिरायचं. मागितल्याच्या दिवशी पोटात गोळा, सकाळभर भीती. पण रात्री भीतीच्या खाली काहीतरी निवांत असायचं, आणि भावाचा रागसुद्धा यायचा नाही. हे मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं मागणारी मी कडवट असेन आणि सोडणारी गोड.

मध्येच एक आठवडा सगळंच विटलं. डायरी उघडावीशी वाटेना, प्रार्थनेला शब्द नाहीत, कारखान्यात एक गाठोडं कमी भरून रवाना झालं म्हणून बोलणी बसलेली. त्या तिडिकीत मसुदा काढून टेबलावर ठेवला, की करते सही आणि संपवते. इग्नेशियसचा एक नियम फार साधा आहे: मन उजाड असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. उजाड काळ जाऊ द्यायचा. मी कागद परत कपाटात टाकला. हा नियम नुसता प्रार्थनेपुरता आहे असं मला वाटत नाही. राजीनामे, सोयरिकी आणि व्हॉट्सअॅपवरची उत्तरं यांनाही तो लागू करावा.

पाऊस सुरू झाल्यावर एका रविवारी उपासनेनंतर भावाकडे गेले. आई दारातच ज्वारी निवडत बसली होती. मी चहाच्या आधीच बोलले, कारण चहानंतर माझा धीर सुटतो. म्हटलं, "मी सही करीन. पण मला माझ्या हिश्श्याचे पैसे हवे आहेत. सगळे एकदम नकोत, जमतील तसे दे. पण हवेत." भाऊ गप्प झाला. भावजय आत गेली. मग तो बोलला ते इथं लिहीत नाही, रागात माणूस बोलतोच. "तू चर्चमध्ये एवढी पुढं पुढं असतीस आणि..." इथपर्यंत आला आणि थांबला. मला रडू आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "म्हणूनच तोंडावर सांगतीय."

आणि मग, ज्याची कुणालाच कल्पना नव्हती ते झालं. सुपातून डोळे वर न काढता आई म्हणाली, "माझा भाग माझ्याच नावावर राहू दे. मला कुणाला सोडायचा नाही." आम्ही दोघंही तिच्याकडं बघत राहिलो. मसुद्यात तिचंही नाव होतं, तिचीही सही गृहीत धरलेली. मीसुद्धा धरलेली! महिनाभर मी माझ्या इच्छा धुंडाळत होते आणि आईलाही एखादी असेल हे माझ्या मनात आलं नव्हतं. भाऊ म्हणाला, "आई, तुला काय करायचंय त्याचं?" ती म्हणाली, "काही नाही. असू दे." आणि पुढची मूठ निवडायला घेतली.

भावानं काही आठवडे फोन उचलला नाही. त्या काळात रोज रात्री मी पहिलं वाक्य म्हणायची: त्यानं बोलावं. दुसरं वाक्य म्हणायला कधी कधी जमायचं, कधी नाही. जमलं नाही तर तसंच सांगून झोपायची. हळूहळू इतकं झालं की हिश्श्यापेक्षा त्याचं बोलणं मला जास्त हवंय हे दिसायला लागलं. पण म्हणून हिस्सा नको झाला, असंही नाही. दोन्ही हवंसं वाटणं एकाच मनात शेजारी शेजारी बसू शकतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी तोच आला, कारखान्याच्या फाटकाशी, सुट्टीच्या वेळेला. बाजारभावाइतकं झेपणार नाही म्हणाला. त्यानं आकडा सांगितला, मी थोडा वाढवला, त्यानं मान हलवली. दोन हप्ते. माझं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडं मोबदल्याच्या रकमेसकट नोंदवलं. आईचा तिसरा हिस्सा तिच्याच नावावर राहिला आणि कर्जाला तिनं सहकर्जदार म्हणून सही केली. बँकेला तेवढं पुरलं. पहिल्या हप्त्यातून मिरजेची फी गेली. भावाशी बोलणं पूर्वीसारखं नाही. पूर्वी आम्ही फार गोड बोलायचो. आता कामापुरतं बोलतो, पण खरं बोलतो. भावजय अजून जरा लांब असते. मजला पूर्ण झाला तेव्हा प्रार्थनेला बोलावलं, मी गेले, पडदे चांगले आहेत.

कुणी विचारतं, मग बदल काय झाला? रोमकरांच्या बाराव्या अध्यायातलं मनाचं नवीकरण झालं का? सांगता येत नाही. पलीकडच्या बाईंच्या मुलाला व्हिसा मिळाला, आणि त्या दिवशी मला आनंद झाला असं मी लिहिलं असतं तर ते सकाळच्या बाजूचं झालं असतं. रात्रीच्या बाजूला लिहिलंय: 'जळजळ झाली. संध्याकाळी पेढे घेऊन आल्या तेव्हा कमी झाली होती.' मालकांनी नाव घ्यावं हे अजूनही महिन्यातून काही वेळा येतं. ते जाईल असं मला वाटत नाही. फक्त आता ते प्रार्थनेचा वेष घालून येत नाही. येतं तसं येतं, सांगून होतं, आणि बऱ्याचदा त्यानंतर डब्याची चव लागते.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. हे काम करताना स्वतःकडे बघत बसण्याची चटक लागते. हिशेबनीस असल्यामुळं मला ती लवकर लागली; मी चांगल्या-वाईट इच्छांच्या बेरजा करू लागले होते. मग आठवलं की पहिली पायरी उपकारस्तुतीची आहे आणि मी ती दोन ओळींत उरकत होते. आता तीच सगळ्यांत लांब ठेवते. पाणी आलेल्या रात्री तेवढीच होते आणि झोप लागते.

सध्या पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीच्या, निवडणुकीला दोघीतिघींनी माझं नाव सुचवलं आहे. मी 'प्रार्थना करून सांगते' म्हणाले. आमच्यात याचा अर्थ बहुधा 'अजून एकदा आग्रह करा' असा असतो. त्याच रात्री डायरीत लिहिलं: हवंय. हिशेब नीट व्हावेत म्हणूनही हवंय आणि पुढच्या रांगेतली खुर्चीही हवीय. जब्दीच्या मुलांना, म्हणजे याकोब आणि योहान या दोन शिष्यांना, प्रभूच्या उजव्या-डाव्या बाजूची जागा हवी होती. प्रभूनं त्यांना आधी विचारलं, मी तुमच्यासाठी काय करावं, आणि ऐकून घेतल्यावर म्हणाला, काय मागता ते तुम्हाला कळत नाही. हाकलून मात्र दिलं नाही. रोज रात्री मागं काय उरतं ते बघते आहे. काही दिवस खुर्ची उरते, काही दिवस हिशेब. अर्ज भरायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.